वक्त्याचा थोडक्यात परिचय

४ जून, गुरुवार

वक्त्याला बोलावून आणायचं आणि मग त्याचं ऐकायचं नाही, असं माणसं का करतात? मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करते. मी पदवीधर आहे, तरीही.

आज आमच्या समाजसेवेच्या क्लबच्या मीटिंगला हृदयाचे डॉक्टर आले होते. विषय : आहार. सभासदांचं सगळं लक्ष डॉक्टरांच्या मागच्या टेबलावर, जिथे केटररचा माणूस भांडी मांडत होता. कुणीतरी एक झाकण उचलून आत बघितलं. डॉक्टर तेलाबद्दल बोलत होते. साडेआठ वाजले आणि अध्यक्षांनी त्यांना वाक्याच्या मधेच थांबवलं.

मग आभारकाका उठले. बँकेतून निवृत्त. क्लबमध्ये आभार नेहमी तेच मानतात, आणि एकाच टाइप केलेल्या कागदावरून मानतात. तास कसा गेला कळलंच नाही, म्हणाले. तास! डॉक्टर जेमतेम पाच मिनिटं बोलले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभी राहिले आणि म्हणाले, याला सेवा म्हणत नाहीत, याला जेवण म्हणतात. अध्यक्ष (यांच्याच फर्निचरच्या दुकानात मी ऑफिस बघते) हसत म्हणाले, मग यापुढचे वक्ते तूच आण की.

आणते.

५ जून

खरं कारण लिहून ठेवते. हॉलच्या वर क्लबची एक खोली आहे. मोठी, दोन खिडक्यांची. तिच्यात अध्यक्षांच्या दुकानातल्या मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या आहेत. ती खोली अभ्यासिका झाली पाहिजे. ज्यांच्या घरी बसायला कोपरा नाही अशा मुलामुलींसाठी.

मी स्वतः पदवीचा अभ्यास जिन्याच्या वळणावर बसून केला. माणसं माझी पुस्तकं ओलांडून जायची. घरात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांचं शिलाई मशीन, आतल्या खोलीत आई आणि बाकी सगळं. आता धाकट्या बहिणीची प्रवेश परीक्षा आहे. तिला जिन्यावर बसू देणार नाही.

तसा ठराव क्लबपुढे मांडला आहे, मतदान २ जुलैला. तोपर्यंत दर गुरुवारी शिक्षणावर एक दमदार वक्ता. सभासदांची मनं अशी तयार करीन की हात आपोआप वर जातील.

११ जून, गुरुवार

निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. परिचय मीच केला. अगदी मोजका. त्यांचं बालपण, त्यांची शाळा, त्या काळातली एकूण परिस्थिती, आणि ओघात आलं म्हणून आजच्या सभासदांच्या उदासीनतेबद्दल चार शब्द.

बाई उठल्या आणि म्हणाल्या, माझ्याबद्दल मलाही माहीत नव्हतं ते सगळं सांगून झालंय, आता मी काय बोलू? सगळे खो-खो हसले. इतक्या गंभीर विषयावर विनोद! मला मुळीच आवडलं नाही. शिक्षिकेकडून ही अपेक्षा नव्हती. त्या बोलायला लागल्या तेवढ्यात झाकणं वाजली आणि त्यांनी आवरतं घेतलं.

दोष केटररचा. उद्या त्याला फोन करून झापणार.

१२ जून

झापलं. तो म्हणाला, ताई, मला साडेआठची वेळ दिली होती, मी साडेआठलाच आलो. वर विचारतो, तुमच्या घड्याळात किती वाजले होते? उद्धट.

१७ जून

उद्याच्या परिचयाची तयारी. वक्ते ग्रंथपाल आहेत, म्हणून माणूस वाचायला कसा शिकला इथपासून सुरुवात केली आहे. संध्याकाळी घरात मोठ्याने म्हणून बघितलं, चार वेळा. आवाजात चढउतार हवेत.

तिसऱ्या वेळी धाकटी पुस्तकं उचलून निघाली. कुठे, विचारलं, तर म्हणाली, शेजारच्या नर्समावशीकडे. त्या ड्यूटीवर आहेत, किल्ली दिली आहे. मला भयंकर राग आला. तिचा नाही, परिस्थितीचा. बाबांना म्हटलं, बघा, तुमच्या मशीनपायी पोरीला दुसऱ्याच्या घरी जावं लागतं. बाबा म्हणाले, अगं बाई, मशीन मी केव्हाचं बंद करून बसलोय.

बरोबर आहे. पण इतक्या वर्षांचा आवाज तिच्या कानात बसला असणार. म्हणून तर अभ्यासिका हवी!

१८ जून, गुरुवार

परिचय रंगला. मात्र सभासद निर्ढावलेले. दोघं फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेले आणि बाहेर एकमेकांशीच बोलत उभे राहिले. काचेतून दिसत होतं. अध्यक्ष पुन्हा पुन्हा मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होते. केटरर उशीर करतोय, असं त्यांना म्हणायचं असावं. मी मानेनेच सांगितलं, काळजी नको, येईल.

ग्रंथपाल फार थोडं बोलले. त्यांच्याकडे मुद्देच नव्हते बहुतेक. वक्ता निवडताना यापुढे खोलात जाऊन चौकशी करायची.

२५ जून, गुरुवार

आजचा प्रकार लिहिताना पेनाचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलं, रागाने.

वक्ते प्राध्यापक. वाटेत त्यांची गाडी बंद पडली, येणं शक्य नाही असा फोन आला. मी म्हटलं, हरकत नाही, परिचय तर तयार आहे. तो केला. वक्ता नसल्यामुळे जरा मोकळेपणाने करता आला.

संपल्यावर आभारकाका उठले, कागद उघडला आणि म्हणाले, आजच्या वक्त्यांनी वेळात वेळ काढून प्रत्यक्ष येऊन जे मौलिक विचार मांडले, तास कसा गेला कळलंच नाही! आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी! रिकाम्या खुर्चीकडे बघून! अध्यक्ष तर स्मृतिचिन्ह घेऊन दोन पावलं पुढेही गेले.

नंतर आभारकाकांना गाठलं. म्हटलं, काका, वक्ता आलाच नव्हता. ते म्हणाले, पोरी, कागदाला काय माहीत? मग माझ्याकडे बघून म्हणाले, आणि खरं सांगू, फारसा फरक जाणवला नाही गं.

असली माणसं मतदान करणार. चीड येते, चीड.

१ जुलै

उद्या मतदान. वक्त्या म्हणून एक मोठ्या अधिकारीबाई येताहेत. स्वतः अशाच एका अभ्यासिकेत शिकलेल्या. त्यांचं पंधरा मिनिटांचं बोलणं झालं की विरोध करायची कुणाची हिंमत होणार नाही. परिचय छोटासाच ठेवला आहे.

धाकटी म्हणाली, ताई, तू फक्त त्यांचं नाव सांगून खाली बस ना. तिला या गोष्टींचा अनुभव नाही.

२ जुलै, गुरुवार

नाव सांगितलं. मग त्यांचं शिक्षण. मग अभ्यासिका म्हणजे काय हे यांना कळायला हवं म्हणून जिन्याची गोष्ट सांगितली. ती कधी सगळी सांगितली नव्हती. लोक कसे पुस्तकांवर पाय देऊन जायचे, दिवा कसा मधेच जायचा. सांगता सांगता समोर एक सभासद ताटांची थप्पी चाळताना दिसला आणि माझा तोल गेला. म्हटलं, तुम्ही सेवेला येता की जेवायला? वर खुर्च्यांना जागा आहे, माणसांना नाही! अजून बरंच म्हटलं. सगळं खरं होतं.

थांबले तेव्हा अर्धा हॉल जेवणाच्या रांगेत होता. उरलेल्यांतले बरेचसे जेवून घरी गेले होते. अधिकारीबाईंची गाडी सुटायची वेळ झाली होती. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुमचं भाषण छान झालं. भाषण? मी परिचय करत होते!

मतदानापुरते सभासद हॉलमध्ये उरले नव्हते. ठराव पुढे ढकलला.

घरी आले. धाकटीने विचारलं, झालं? मी म्हटलं, लोकांची लायकी नाही. ती पुस्तकं घेऊन जिन्यावर जाऊन बसली. मावशी आज घरी आहेत.

३ जुलै

वक्ते आणायच्या जबाबदारीचा राजीनामा दिला. दुकानात, अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. वाटलं, समजूत घालतील. त्यांनी वाचला आणि म्हणाले, बरं.

बरं! एवढंच! पुढच्या गुरुवारी मी जाणारच नाही. माझ्याशिवाय एक मीटिंग करून दाखवावी.

१० जुलै, शुक्रवार

करून दाखवली.

माझा क्लबचा बिल्ला परत द्यायला काल धाकटीला पाठवलं होतं. (आपण का जायचं?) ती अर्ध्या तासात परत आली. म्हणाली, आज वक्ताच नव्हता, सगळे नुसते बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, तू कोण गं? तर ही म्हणाली, ताईची बहीण. मला अभ्यासाला जागा नाही. वरची खोली मिळाली तर बरं होईल. आणि बसली.

मग? मी विचारलं. मग काय, म्हणाली, हात वर केले सगळ्यांनी. झाकणंसुद्धा उघडली नव्हती. अध्यक्ष म्हणाले, खुर्च्या मी उद्याच हलवतो. आभारकाका उठून म्हणाले, तास कसा गेला कळलंच नाही.

मला आनंद झाला, असं तिला सांगितलं. झालाही. पण माझी सगळी मेहनत, मनं तयार करणं, याचा कुणी उल्लेखही केला नाही म्हणे. संताप येणार नाही तर काय?

१८ जुलै, शनिवार

अभ्यासिका सोमवारी सुरू होते आहे. उद्घाटनासाठी मी परिचय लिहिला होता. खोलीचा परिचय. अकरा पानं. अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले, उद्घाटन वगैरे नाही, नुसतं कुलूप काढायचं. धाकटीला विचारलं तर तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिने स्वतः पाटी लिहून लावली आहे : इथे बोलू नये. मी म्हटलं, हे कुणासाठी? ती म्हणाली, सगळ्यांसाठी, ताई.

खिडकीजवळचं टेबल तिने स्वतःसाठी निवडलं आहे. अध्यक्षांच्याच दुकानातलं, म्हणून अर्थात डगमगणारं. लिहायला गेलं की हलतं. आज सकाळी कुणी नसताना मी गेले आणि परिचयाच्या घड्या घालून त्याच्या एका पायाखाली सरकवल्या. आता टेबल हलत नाही.

अकराच्या अकरा पानं लागली. दोन-तीन पानांत भागलंच नसतं.