आबांना काय सांगायचं

४ नोव्हेंबर, कलकत्ता
पोचले. दादा स्टेशनवर आला होता. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. टॅक्सीची काच वर होत नव्हती, त्यामुळे सगळं शहर नाकातोंडात. मासळी, लघवी, डिझेल, मधेच काहीतरी तळलेलं गोड. गल्लीच्या तोंडाशी उतरले तर पायाखाली मऊ काहीतरी. बघितलं नाही. बघायला हवं होतं, आता तेच डोक्यात राहणार.

जिन्याच्या भिंती पिचकाऱ्यांनी लाल. कठडा चिकट. खाली दादाचं गलाईचं दुकान: सोनारांकडचं जुनं सोनं आणायचं, भट्टीत नि ॲसिडात शुद्ध करून परत द्यायचं. वर एकच खोली, तो आणि वहिनी राहतात तिथे. मोरी तीन बिऱ्हाडांत मिळून, तिथे उंदीर. आंघोळ केली, स्वच्छ वाटेना.

५ नोव्हेंबर
मी निघताना आबा म्हणाले ते लिहून ठेवते. नाहीतर पुढे माझ्या सोयीने बदलेन.
"लोकं म्हणत्यात संभा तिकडं उकिरड्यात ऱ्हातो. तू डोळ्यानं बघ आन घरी येऊन मला सांग, फोनवर नगं. वाईट असलं तर दुकान बंद करून बोलवून घेतो. हितं कुंडलात रान हाय की."
मलाच का, तर त्यांची ही लेक खोटं बोलत नाही म्हणून. शाळेत जायच्या आधी आबांनीच मला घरी अक्षरं शिकवली. चुकलेलं पुसू द्यायचे नाहीत. वर आडवी रेघ मारायची, चूक दिसली पाहिजे.
दादाला विचारलं, गावी परत जाशील? "आबा म्हणालं तर जायलाच लागंल की." वहिनी पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.
म्हणजे यांनी कुठं राहायचं ते माझ्या एका वाक्यावर.

६ नोव्हेंबर
खिडकीतून सकाळ: रस्त्यावरच्या नळाला पुरुष उघडे, अंगभर फेस. मिठाईवाला आंबट पाणी नालीत ओततोय. त्याच नालीशी एकजण दात घासतोय.
वहिनीने बाजारात नेलं. मासळीचं पाणी चपलेत शिरलं. घोट्याला एक खवला चिकटलेला घरी येऊन दिसला. वहिनी मात्र मासेवाल्याशी बंगालीत भांडत होती. तो हसत होता, ती त्याहून जोरात. कुंडलात मी तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नाही. इथं तिचा पदर खांद्यावर.

७ नोव्हेंबर
कसं लिहू.
दादा-वहिनी सोनारांकडे गेले होते. मला दुकान बघवेना. जमिनीवर काळा थर, कोपऱ्यात डबाभर केर, परातीत मळकं पाणी. केर नालीत टाकला. परात नालीत ओतली. फरशी साबणाने घासून तेही पाणी बाहेर लोटलं. बरं वाटलं, आल्यापासून पहिल्यांदा.
दादा आला नि उंबऱ्यातच थांबला.
"डबा कुठं हाय?"
सांगितलं.
"आगं प्राजे, केर न्हवं त्यो. माल हाय."
गलाईवाले केर टाकत नाहीत. हात धुतलेलं पाणी टाकत नाहीत. अंथरलेलं पोतं जुनं झालं तर जाळून त्याची राख ठेवतात. सगळ्यात सोन्याचे कण असतात, वर्षाने गाळून काढतात. आमच्या भागातलं पोरसुद्धा हे जाणतं. मी पुस्तकं वाचत बसलेली.
दादा ओरडला नाही. लोखंडी घमेलं आणलं, दुसरं माझ्या हातात दिलं. दोघं नालीशी बसलो. कोपरापर्यंत हात घातला. थंड, गिळगिळीत, केस, कोंबडीची पिसं. उमासे आले.
"विश्रामबागेच्या कालेजात हे शिकवत न्हाईत व्हय?" दादा.
वहिनी पदर तोंडाशी धरून हसत होती. "वन्सं, नाक सोडा आन दोनी हात घाला."
गल्ली जमली. इस्त्रीवाला म्हणाला, "दीदी, हार मिले तो हमको भी बुलाना." दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईने दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली, त्यात साबण. वहिनीने वर बघून बंगालीत काहीतरी सांगितलं, सगळे हसले. मग मला बादलीतच हात धुवायला लावले, कारण तेही पाणी ठेवायचं.
कुणीतरी मातीच्या कपात चहा दिला. ज्याने दिला त्याची नखं काळी. माझीही होती. प्यायले.
किळस गेली नाही. पण भूक लागली, तीही कडकडून.

९ नोव्हेंबर
दुपारी दादाने ॲसिड तापवलं. पिवळा धूर जिन्यातून वर. दाताला चव लागते त्याची. वहिनी खोकत बसली, ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईतो. विचारलं, कधीपासून?
"गेल्या हिवाळ्यापासनं. धूर असला की हुतंय."
मग म्हणाली, "वन्सं, बाकी समदं सांगा. उंदीर सांगा, मोरी सांगा. आबास्नी खोकल्याचं तेवढं सांगू नगा. मला न्हाई जायाचं परत."
का, विचारलं. "हितं मी कुठं चालली ते कोन इचारत न्हाई."
काही वचन दिलं नाही. तिने भाजी चिरायला घेतली.

१२ नोव्हेंबर
एकटी बाहेर पडले, कुणाला न विचारता. चुकले. दोन्ही अंगांनी हातगाड्या, डोक्यावर तारांचं जंजाळ. एका म्हाताऱ्याने खांद्याला धरून मला ट्रामसमोरून मागे ओढलं आणि शिव्याच दिल्या असाव्यात. मग हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं, बडबड चालूच.
कुजलेल्या केळीची घाण येत होती. मी उगाच आणखी एक फेरी मारली.
हे काय चाललंय माझं.

१४ नोव्हेंबर
उद्या निघायचं. वहिनी विचारत नाही काही, फक्त जास्त वाढते.
एक गोष्ट स्वतःशी कबूल केली पाहिजे. दादा कुंडलला परत आला तर मला इथं यायला कारण उरणार नाही. मग मी खोकल्याबद्दल गप्प बसले तर ते वहिनीसाठी की माझ्यासाठी? दोन्ही, हे उत्तर चालणार नाही.

१७ नोव्हेंबर, कुंडल
अंगण सारवलेलं. इतकी शांतता की पाणी पितानाचा आवाज ऐकू येतो. चप्पल तीनदा धुतली.
जेवण झाल्यावर आबा म्हणाले, "हं, सांग."
सांगितलं. जिना, मोरी, उंदीर, नाली, पिचकाऱ्या. मग खोकला. वहिनीचं तोंड डोळ्यासमोर होतं तरी सांगितलं. ती जे म्हणाली तेही सांगितलं, परत यायचं नाही म्हणून, शब्दाला शब्द.
आबांनी पान जुळवायला घेतलं. "मंजे घाण हाय."
"लय घाण आहे आबा."
"मग बोलवू त्यास्नी?"
मी म्हटलं, नको. धुराला पंखा बसवता येईल, डॉक्टरला दाखवता येईल.
"घाण हाय म्हणतीस, खोकला हाय म्हणतीस, आन बोलवू नगं म्हणतीस. मला काय उमगंना. मीच जाऊन बघतो." पान तोंडात घातलं. "संगट येतीस?"
हो म्हणाले. लगेच. विचार केल्यासारखं तरी दाखवायला हवं होतं. आबांनी चावायचं थांबवून माझ्याकडे बघितलं.