जावईबापूंनी यंत्र सुधारलं त्याची हकिगत

चिरंजीव धाकटीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहवलं आहे. पुढचं वाचून झाल्यावर ते वाक्य खोडलंस तरी चालेल. तुझी कंबर कशी आहे? सासूबाईंचा खोकला थांबला का? तुझ्या वहिनीचे गुडघे आहेत तसेच आहेत, म्हणजे जिना चढताना ओरडतात आणि माझ्याशी भांडायला उभी राहिली की एकदम ठणठणीत होतात.

अक्षर बघून तू दचकली असशील. हो, अक्षर तुझ्या नवऱ्याचंच आहे, मजकूर तेवढा माझा. माझा उजवा हात सध्या फडक्यात गुंडाळून गळ्यात टांगलेला असल्यामुळे मी बोलतो आणि जावईबापू लिहितात. तुझी पत्रं आली तशी त्यांनी उशीखाली ठेवली आणि एकाचंही उत्तर धाडलं नाही. मग मीच म्हटलं, मला माझ्या बहिणीला पत्र पाठवायचंय आणि ते तुम्ही लिहून द्यायचं. माझी बोटं ज्यांच्या सुधारणेत गेली त्यांना यावर नाही म्हणायची सोय नाही. एक सवलत मात्र दिली आहे. जिथे माझं म्हणणं पटणार नाही तिथे त्यांनी कंस टाकून आपलं लिहावं. तेव्हा कंसाबाहेर मी आणि कंसात ते, एवढं ध्यानात ठेवून वाच. (मी बरा आहे. काळजी करू नये.) बघ, सुरुवातच थापेने केली.

तू विचारलंस की चार दिवसांसाठी गेलेला माणूस अजून घरी का येत नाही, कारखान्यातले मुकादम त्यांची जागा आणखी किती दिवस धरून ठेवणार, आणि तिकडे कुणी बाई वगैरे तर नाही ना. अगं, बाई असती तर किती सोपं झालं असतं! तुझ्या वहिनीने केरसुणीने तिला वाटेला लावलं असतं आणि यांना कान धरून गाडीत बसवलं असतं. इथे बाई नाही, इथे यंत्र आहे.

यंत्र म्हणजे मांसाचे काप करायचं. एका बंद पडलेल्या खाणावळीच्या मागच्या खोलीत ते धूळ खात पडलं होतं, ते मी उचलून दुकानात आणलं. एक मोठं चाक, चाकाला मूठ, पलीकडे ताटाएवढं गोल पातं आणि पात्यासमोर मागेपुढे सरकणारी पाटी. उजव्या हाताने मूठ फिरवायची, डाव्याने पाटी ढकलायची. काप एका बाजूला जाड यायचा आणि दुसऱ्या बाजूला यायचाच नाही. पण सुरा चालवून चालवून माझ्या मनगटाचं भुसकट झालं होतं, त्या मानाने हे सुखाचं होतं. तुला मी फक्त एवढंच कळवलं की यंत्र करकरतं, जावईबापूंना सवड असेल तर जरा तेल घालून जातील. तेल घालायला बोलावलेला माणूस कानशी, पाने आणि हातोड्यांचं बोचकं घेऊन आला, तेव्हाच मी दार लावून घ्यायला हवं होतं. (करकर तेलाने जाणारी नव्हती. आस वाकला होता.)

तुझा नवरा तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांना बिघडलेली वस्तू बघवत नाही हे एक वेळ ठीक, पण यांना चालू असलेली वस्तूसुद्धा बघवत नाही. पहिल्यांदा त्यांनी आस सरळ केला. मग पात्याशेजारी एक लोखंडी पट्टी आणि तिला स्क्रू बसवला, की स्क्रू पिळावा तसा काप जाड किंवा पातळ. पहिल्या दिवशी काप इतके पातळ निघाले की तराजूत ठेवल्यावर काटा विचारात पडला. मग पाटीवर मांस घट्ट धरायला लोखंडी नख्या आल्या. मग पाटी ढकलायलाच नको म्हणून तिच्या पोटाला दातेरी पट्टी लावून ती चाकाशी जोडली, चाक फिरलं की पाटी आपोआप पुढे. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो होतो. लोक घ्यायला कमी आणि बघायला जास्त येऊ लागले. समोरचा शिंपी तर स्वतःचं दुकान उघडं टाकून आमच्या उंबऱ्यात उभा असायचा आणि जावईबापूंना हे कसं, ते कसं विचारत राहायचा. त्या दिवसांत तुझ्या नवऱ्याच्या तोंडावर जे तेज होतं ते मी तुमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. (लग्नात मला ताप होता.)

आता मूठ तेवढी राहिली. ती फिरवायला माझा उजवा हात अडकून पडतो, हे जावईबापूंच्या मनाला लागलं. शिंप्याकडे एक मोडकं शिवणयंत्र पडून होतं. त्याचं पायडल काढून आणलं, पट्टा घातला आणि चाक पायावर चालायला लागलं. मला स्टुलावर बसवून म्हणाले, दादा, आता बघा, दोन्ही हात मोकळे! आणि मी अक्कलशून्य माणूस, खूश होऊन टाळ्या वाजवल्या. आता त्या आठवणीवरच भागवायचं आहे.

पुढचं तुला नीट सांगायला हवं, कारण तुझे हे तुला नीट सांगणार नाहीत. मूठ होती तोवर उजवा हात मुठीवर असायचा. तो पात्याजवळ जाऊच शकत नव्हता, त्याला सवडच नव्हती. पायडल आलं आणि त्याला सवड झाली. खाटकाच्या हाताला बसून राहायची सवय नसते. लाँड्रीवाल्याची म्हातारी आई आली होती, तिला मऊ, पातळ काप हवे होते. एक काप पात्याला चिकटून वर गेला. माझ्या हाताला काम नव्हतं, तो गेला काप काढायला. माझा पाय खाली चालूच होता, त्याला वरची खबर नव्हती. पाय माझाच, हातही माझाच, आणि पायाने हाताचा काटा काढला. यात तिसऱ्या माणसाचा काय दोष ते मला कुणी सांगावं. (पायडल मी लावलं होतं.) बसलो मी होतो. (बसवलं मी होतं.) बघ हं, घरातला कारभार असा चाललाय.

अंगठा आणि करंगळी शाबूत आहेत, मधली तिन्ही गेली. म्हातारी मोठी धीराची. मला खुर्चीवर बसवलं, स्वतःचा पदर फाडून मनगट करकचून बांधलं आणि मगच म्हणाली, आजचे काप राहू द्या. जावईबापूंनी यंत्र उघडून बोटं बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि दवाखान्यापर्यंत माझ्या मागून धावत आले. डॉक्टरांनी रुमाल उघडून पाहिला आणि पुन्हा बांधून त्यांच्या हातात दिला. पुढे त्या रुमालाचं काय झालं ते मी विचारलं नाही. (मागच्या अंगणात पुरला. वहिनींना जागा ठाऊक आहे.)

मला राग आला होता, धाकटे. फार आला होता. पहिल्या आठवड्यात मी यांचं तोंड बघायचं नाही म्हणून भिंतीकडे वळून पडून राहायचो, आणि हे दाराबाहेर बाकावर बसून असायचे. वहिनीने भाकरी पुढे ठेवली तर खायचे, नाही ठेवली तर मागायचे नाहीत. मग एक दिवस माझा राग संपला. का संपला ते मलाही सांगता येणार नाही, राग धरायलासुद्धा अंगात रग लागते आणि ती नव्हती. मी हाक मारली, आत या म्हटलं. ते आले आणि तेव्हापासून गेलेच नाहीत. (इथे मला काही लिहायचं नाही.)

आता यांचा दिनक्रम ऐक. सकाळी माझ्या सदऱ्याची बटणं लावतात. मला दात घासू देत नाहीत, स्वतः घासतात, म्हणजे माझे. पाण्याचा पेला माझ्या तोंडाला लावतात, आणि डावा हात पुढे केला की तो हळूच बाजूला सारतात. पाठीला खाज कुठे सुटली ते मी सांगायच्या आधीच बोट तिथे. दुकान वहिनी सुऱ्यावर चालवते आणि हे फरशी धुतात, ओझी वाहतात, गिऱ्हाइकांना नमस्कार करतात. बरं, एवढं सगळं करणाऱ्या माणसाला परवा वहिनीने सांगितलं की कपाटाची बिजागरी निसटली आहे, एक स्क्रू पिळा. हे उठून बाहेर निघून गेले. कपाट अजून तिरकं आहे. हत्यारांचं बोचकं कोपऱ्यात गाठ मारून पडलंय. तुझा नवरा, धाकटे, आता कशालाच हात लावत नाही. मुकादमांनी जागा धरून ठेवली तरी त्या जागेवर बसून हे करणार काय, हाच खरा प्रश्न आहे. (ज्याला आपण काय करतोय ते कळत नाही त्याने हत्याराला हात लावू नये.)

यंत्रावर गोणपाट टाकून ठेवलंय. ते मी भंगारवाल्याला देऊन टाकणार आहे, तो उद्या परवा येईल. (भंगारवाल्याला देऊ नये. तो ते आहे तसंच कुणाला तरी विकेल आणि तिथेही माणूस बसेल. निदान पायडल काढून द्यावं. पायडल ठेवायचंच असेल तर दोन मुठी लावायला हव्यात, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हातभर अंतर. दोन्ही एकदम दाबून धरल्या तरच पट्टा ताणला जाईल, एक जरी सुटली तरी पट्टा सैल पडून पातं थांबेल. त्याला खालून एक स्प्रिंग आणि एक तिरकी कडी, एवढंच लागतं. पात्यावर अर्धगोल पत्रा. आणि चिकटलेला काप सोडवायला पात्याच्या पाठीला टेकून एक पातळ पट्टी, म्हणजे काप स्वतःच खाली पडेल आणि हात तिथे जायचं कारणच उरणार नाही. पट्टी पितळेची हवी, लोखंडाची पात्याची धार घालवेल. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. हे लिहायलाच नको होतं, पण शाईचं आहे, पुसता येत नाही.) इतका वेळ काय खरडताय म्हणून विचारलं तर म्हणतात, काही नाही, भंगारवाल्याचं.

तर असं आहे. माझं स्पष्ट म्हणणं, तू यांना बोलावून घे. मला यांचा कंटाळा आलाय. माणसाला स्वतःच्या घरात स्वतःची पाठ स्वतः खाजवता येऊ नये हा जुलूम आहे. (मी येणार नाही. दादांचा हात पूर्ण बरा होईपर्यंत इथून हलणार नाही.) ऐकलंस? असं बोलतात आणि वर माझ्याच शाईने लिहितात.

सासूबाईंना नमस्कार सांग. कंबरेला शेक घेत जा, आळस करू नको. सहीसुद्धा यांनाच करायला लावली आहे, तेव्हा ती ओळखायच्या भानगडीत पडू नको.

तुझा,
दादा

ता. क. हाताची काळजी नको. जखम झपाट्याने भरून येते आहे. डॉक्टर खूश आहेत, म्हणतात महिनाभरात तुम्ही सुरा धराल. (डॉक्टर मला काही सांगत नाहीत. पण दादा रोज हसतात, त्यावरून खरं असावं.)

ता. क. दुसरा. हे कोंबडीचे पाय माझे आहेत. डाव्या हाताने लिहितोय. त्यांना टपालाचं तिकीट आणायला पाठवलंय, पाकीट वहिनी चिकटवेल. वरचा ता. क. खोटा आहे. जखम सडली आहे. डॉक्टरांनी काल यांना औषधाला बाहेर धाडून मला सांगितलं. विष वर चढतंय, हात कोपराखाली काढणार, येत्या सोमवारी. मला भीती वाटते, धाकटे. पण वहिनी आहे, माझं मी निभावेन. यांना मात्र त्या दिवशी इथे राहू द्यायचं नाही. तीन बोटांनी यांचं हे झालं. तुटलेला हात पाहिला तर तुझ्या घरी जिवंत माणूस परत येईल आणि जन्मभर नुसता बसून राहील. वर भंगारवाल्याच्या कंसात काय लिहिलंय ते वाच, म्हणजे कळेल, अजून सगळं गेलेलं नाही. तू तार कर. घरात काहीतरी मोडलंय, दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं लिही. पण खोटं लिहू नको, आल्यावर त्यांना लगेच कळेल. खरंच मोड. घड्याळ मोड, पाण्याचा पंप मोड, सासूबाई ओरडल्या तर ओरडू दे. फक्त दुरुस्त होईल इतकंच मोड.