डंक बंद आहे, मग ठसका कसला?

मंगळवार, १४ जुलै १९९८. दिवेलागण.

यांचा खोकला आजही तसाच. अडुळशाचा काढा झाला, हळद-दूध झालं. "चटणीचा ठसका हाय गं, जाईल की," म्हणतात. बावीस वर्षं मिरची कुटायचा डंक चालवणाऱ्याला ठसका लागायचाच, असं मीही गिऱ्हाइकांना हसत सांगत आले.

पण मघाशी हे खिळ्यानं पट्ट्याला नवं भोक पाडत बसलेले. पँट राहत नाही म्हणे. एवढे वाळले कधी? आणि रोज संध्याकाळी अंग कोमट लागतं, ते?

पाऊस लागल्यापासून डंक बंद आहे. महिना झाला, मिरचीचा कण उडालेला नाही. हे मला आज सुचावं? की आधीच सुचलं होतं, आणि चटणीवर ढकललेलंच बरं वाटत होतं?

शेवटी मी बोललेच. "उद्या दवाखान्यात जायचं. बेडका तपासायचा, छातीचा फोटो काढायचा."

"आणि डंक कोण बघणार?" हे सवयीनं बोलून गेले.

"कुलूप बघंल की."

हसले नाहीत. पट्ट्याच्या त्या नव्या भोकावर अंगठा ठेवून नुसते बसून राहिले. खोकला आला, तो माझ्यासमोर दाबून धरला.