पत्राची खालची पट्टी

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे खालून वर वाचलं. तळाशी ता. क. नव्हतं, तेव्हा हातपाय धुतले आणि मग निवांत वर गेलो. परवा हिला बाबांची ती रीत सांगत होतो. आईचं हृदय नाजूक, म्हणून वाईट बातमी लिहायची ती फक्त ता. क. मध्ये. बाबा तेवढं आधी वाचणार, खालची पट्टी फाडून खिशात घालणार आणि उरलेलं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवणार. ता. क. मधलं पुन्हा कोणी तोंडातून काढायचं नाही. आई गेली तेव्हा बाबांच्या कोटात अकरा पट्ट्या निघाल्या, हेही सांगितलं. ही हसली आणि म्हणाली, तुमच्या घरात खरं म्हणजे शेपूट, वळवळलं की छाटायचं.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हिच्या श्वासाचं तुला माहीत आहे. सहा महिन्यांपासून घरी प्राणवायूचं यंत्र आहे. नाकाला नळी लावून ही दिवसाचे वीस तास त्याच्याशेजारी असते. यंत्र विजेवर चालतं आणि घरघरतं माझ्यासारखं. डॉक्टर म्हणाले, या शहराच्या धुळीतून हलवा, तळमजला बघा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून ही चार महिन्यांत खाली उतरलेली नाही. दुपारी टपालवाला वर येतो तोच तिचा पाहुणा.

इकडे मालकाने लॅबमध्ये दात कोरणारं यंत्र आणलं. तीस वर्षं मी मेणात एकेक दात बसवून कवळ्या केल्या, ते काम आता आठवड्यात तीनच दिवस उरलं. घरभाडं मात्र आठवड्याचे सातही दिवस मोजतं. तुझ्या शेजारच्या खोल्या रिकाम्या आहेत असं तू लिहिलं होतंस. तर सांग: जिना किती? दवाखाना किती लांब? पाणी कसं? माझ्या हाताला काम मिळेल? आणि तुला आमची कटकट झेपेल का? लपवाछपवी नको.

हिचा नमस्कार. लोभ आहेच, तो पुरवून वापर.

तुझा,
धाकला


ता. १७ जानेवारी

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

तुझे प्रश्न वाचून वाटलं, हा खोल्या भाड्याने घेतोय की अख्खं गाव? चाळीस वर्षं पोरांचे पेपर तपासले, आता म्हातारपणी उत्तरं लिहायची पाळी आली.

जिना नाही. दाराबाहेर एकच पायरी आहे, बसायला ऐसपैस, आणि तिच्यापुढे लगेच रस्ता. दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी मागच्या पटांगणाकडे उघडते. तुझी माझी भिंत एकच. मला ऐकू येत नाही, म्हणून तू कितीही घोरलास तरी माझी तक्रार नाही. भाडं तुझ्या तिथल्या चौथ्या हिश्श्याइतकं आहे, आणि मालक ते मागायलाही कधीमधीच येतो.

हवेचं म्हणशील तर सकाळी वाळत घातलेली चादर संध्याकाळी तशीच पांढरी असते. पाणी पहाटे तासभर येतं, पुरतं. दवाखान्याची इमारत कोपऱ्यावरच आहे, माझ्या पायांनी तीन मिनिटं. आणि दातांचं सांगते, या गल्लीत बत्तीस दात भरायला चार माणसं एकत्र करावी लागतात, त्यामुळे गिऱ्हाईक कमी नाही.

कटकटीचं काय विचारतोस? मी हल्ली घड्याळाला किल्ली देताना त्याच्याशी बोलते. तू आलास तर त्याची सुटका होईल. वहिनीला सांग, पायरी मी रोज झाडते.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी,
ताई


ता. २९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिनेच माझ्या हातात दिलं. मी ते खालून वर दोनदा वाचलं आणि ठरवलं. तुझ्याइतकं सरळ कोणी लिहिलं नसतं. घरमालकाला महिन्याची सूचना दिली, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी नवं बिऱ्हाड ठरवलंसुद्धा. लॅबचा हिशेब मिटवला. मालकाने निरोप म्हणून एक कवळी दिली, मीच केलेली, गिऱ्हाईक न्यायलाच आलं नव्हतं म्हणे. कपाट आणि मोठा पलंग विकला. फोनही काढून टाकला.

मला वाटलं होतं, ही कां कू करेल. पण हीच माझ्या मागे लागली आहे. पिशव्या भरून दाराशी ठेवल्यात. एवढं उत्सुक तिला मी लग्नातही पाहिलं नव्हतं. खाली न्यायला चार हमाल खुर्चीसकट उचलतील, तर म्हणते, पालखी मिळाली.

२८ फेब्रुवारीला निघतो. दिवा लावून ठेव.

तुझा,
धाकला


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

खालून वर दोनदा वाचूनही निघालास, म्हणजे विचार केला असशील. तुमची काही सोय असेलच. बाबांचा नियम आहे म्हणून ते पुन्हा काढत नाही. खरं सांगू? तू येणार नाहीस असं मी धरून चालले होते. पत्र वाचलं आणि रडले, आणि ते सगळंच काळजीचं रडणं नव्हतं. या वयात इतका आपमतलबीपणा बरा नाही, पण आहे.

खोल्या धुऊन घेतल्या. किल्ली माझ्याकडे आहे.

तुझी,
ताई


ता. ११ मार्च

ताईस,
नमस्कार.

भिंतीपलीकडून लिहितोय. तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हे बोललो तर गल्ली ऐकेल. गल्लीत तशी पाचच घरं उघडी आहेत म्हणा.

आज दहावा दिवस. सकाळी नऊला वीज जाते ती चारला येते. यंत्राची बॅटरी पाऊण तास पुरते. मोठी बॅटरी माझ्या ऐपतीत नाही. पावणेदहापासून मी हिचं मनगट धरून बसतो आणि नखांचा रंग बघतो. कोपऱ्यावरच्या तुझ्या दवाखान्याला गंजलेलं कुलूप आहे. आत खिडकीच्या चौकटीवर झाड उगवलंय. दातांची चौकशी करायला गेलो तर गल्लीतली माणसं म्हणाली, आता कोणासमोर जेवायचंय, राहू द्या.

परत जायला जागा नाही. आमच्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलंय, त्यांचे पडदे निघायच्या दिवशीच लागले.

तुला एकटेपणा होता, कबूल. तसं लिहायचं होतंस, मी येऊन भेटून गेलो असतो. बाबा आईला फसवायचे ते प्रेमाने. तू मला कशासाठी फसवलंस? एक ओळ ता. क. लिहिलं असतंस तर मी तिला इथे आणलं नसतं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मी आयुष्यभर हातांनी केलं, पण माझ्याच बहिणीकडून बघावं लागेल असं वाटलं नव्हतं.

उत्तराची गरज नाही. लोभाचं काही लिहीत नाही.

धाकला


ता. १५ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न.

पायरी तुम्ही लिहिली होती तशीच आहे. सकाळी ऊन येईपर्यंत मी तिच्यावर बसते. सहा महिने मी वरून माणसांची फक्त डोकी बघत होते, आता त्यांचे चेहरे माझ्या उंचीवर आले. एक कुत्रं ओळखीचं झालं. चादर खरंच पांढरी राहते. खिडकीतून पटांगण दिसतं आणि भिंतीपलीकडून तुमच्या घड्याळाचे ठोके ऐकू येतात, तुम्हाला येत नाहीत ते. मला इथे बरं वाटतं, हे मनापासून लिहिते.

हे पत्र पायरीवरूनच सरकत येऊन तुमच्या दाराखालून आत ढकलणार आहे. बोलायला श्वास पुरत नाही. लिहिता लिहिता थांबता येतं, म्हणून तीन दिवस लावले. माया कमी करू नका, कारण पुढे वाचल्यावर ती तुम्हाला अवघड जाईल.

तुमची,
वहिनी

ता. क. – यांचं पत्र आल्यापासून तुम्ही गप्प आहात. तुम्ही ता. क. लिहिलं होतं एवढं एक वाक्य बोलला असतात तरी सुटला असतात. पण मग मी सापडले असते. तुम्ही मला वाचवलंत, हे मला कळलं.

ती पट्टी मी फाडली. टपाल माझ्याच हातात पडतं. सोबत टाचली आहे. तुमच्याच अक्षरात आहे: "दवाखाना दोन वर्षं बंद आहे. वीज दिवसाचे सात तास नसते. मला तू हवा आहेस, म्हणून वरचं सगळं निम्मंच खरं धर. वहिनीला आणू नकोस." तुमचं दुसरं पत्रही मी यांना दाखवलं नाही. सामान बांधता बांधता पदराखाली घेतलं.

डॉक्टर मला एकटीला म्हणाले होते, पुढचा हिवाळा धरू नका. शेजारचे म्हातारे गेले तेव्हा त्यांची तिरडी जिन्याच्या वळणावर उभी करून खाली नेलेली मी पाहिली होती. मला तसं उतरायचं नव्हतं. आणि मी गेल्यावर यांना तिसऱ्या मजल्यावर कोण होतं? इथे निदान एक भिंत तुमची आहे, एवढाच हिशेब केला होता. सात तास इतके लांब असतात, हे मला ठाऊक नव्हतं. आता दिवसेंदिवस चार वाजायला उशीर होतोय असं वाटतं. आणि ज्या बहिणीसाठी यांना आणलं तिचंच तोंड हे बघत नाहीत.

ही पट्टी फाडू नका. अख्खा कागद यांच्या हातात द्या. ते खालूनच सुरुवात करतील.