मिस्त्रींचे हात आणि माझे कान

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण सहा आठवडे मी एका जहाजाच्या पोटाखाली राबलो आणि पाठीची सरळ होण्याची सवय मोडली आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं सांगितल्यापासून तू दिवसातून किती वेळा गच्चीवर जातेस हे भाऊजींनी हिला फोनवर सांगितलं आहे, तेव्हा त्या बाबतीत खोटं बोलायचे कष्ट घेऊ नकोस. भाऊजींची नवी कवळी बसली का? (बसली नसेल तर ती मी केलेली नाही, हे चारचौघांत आवर्जून सांगावं.) इकडे सगळं कुशल आहे. माझ्या अंगावर डांबर नाही अशी जागा शोधावी लागते, पण मी मजेत आहे, आणि ते कसं काय, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

दवाखाना बंद केल्यावर पहिले तीन महिने मी घरात काय दिवे लावले ते तुझ्या कानावर आलंच असेल. हिच्या स्वयंपाकघरातले डबे मी आधी उंचीप्रमाणे लावले, मग अक्षरांप्रमाणे लावले, मग हिने मला तिथून हाकललं. पेपरवाल्याने दारात जांभई दिली तेव्हा मी वाकून आत बघितलं आणि वरची डावी दाढ दाखवून घ्या म्हणालो. तेव्हापासून तो आमचा पेपर शेजारी टाकतो. शेवटी हिने तुझ्याकडे तक्रार केली आणि तू फोनवर मला जे सुनावलंस ते अजून कानात आहे. "बाबा रे, तिच्या संसारात लुडबुड करू नकोस. घराबाहेर पड. काहीही कर, पण हातांनी कर." दुसऱ्याच दिवशी हिने (शेजाऱ्यांकडून आणलेल्या) पेपरातली एक जाहिरात माझ्यापुढे ठेवली. जुन्या शिडाच्या जहाजाच्या डागडुजीसाठी हात हवेत, अनुभव नसला तरी चालेल. ही म्हणाली, "अनुभव नसण्याचा तुम्हाला दांडगा अनुभव आहे. जा."

तर हे जहाज एकशे चौदा वर्षांचं. दोन डोलकाठ्या, सगळं अंग लाकडाचं. एके काळी मीठ आणि इमारती लाकूड वाहायचं, आता हंगामात हौशी लोकांना समुद्र दाखवून आणतं. दरवर्षी हंगामाआधी त्याला किनाऱ्यावर ओढून टेकूंवर उभं करतात, खरवडतात, फळ्यांमधल्या फटी भरतात, रंगवतात, आणि मग एक सरकारी तपासनीस येऊन ते समुद्रात जायच्या लायकीचं आहे की नाही ते ठरवतो. कप्तानबाईंनी (आवाज असा की बंदराच्या भोंग्याने उगाच नोकरी धरली आहे असं वाटावं) पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना जमवून सांगितलं, की यंदा नापास झालो तर हे जहाज कायमचं धक्क्याला बांधून ठेवणार, पुढे पाटी लावणार, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढणार. हे सांगताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. मी सहज म्हणून गेलो होतो, पण त्या क्षणी गुंतलो.

गुंतलो म्हणजे उपयोगी पडलो असं मात्र समजू नकोस. पहिल्या आठवड्यात मी ताज्या वार्निशवर बसलो. दुसऱ्या आठवड्यात मला डोलकाठीला चरबी चोळायला दोराच्या झोपाळ्यात बसवून वर चढवलं. काम छान चाललं होतं. तेवढ्यात खाली जेवणाची घंटा झाली आणि मला वर ओढणारे दोघे दोर नीट बांधून, हात धुवून, जेवायला निघून गेले. मी हाका मारल्या. मग मोठ्याने हाका मारल्या. नंतर कळलं की त्या खाली ऐकू जात होत्या, पण डॉक्टर आज खुशीत दिसतात, गाताहेत, असं सगळ्यांचं मत पडलं. पाऊण तास मी तिथे होतो. वरून बंदर फार सुंदर दिसतं, ताई, पण भुकेल्या पोटी ते कोणी बघू नये.

त्यानंतर मला जमिनीवरचंच काम द्यायचं ठरलं आणि मी मिस्त्रींच्या हाताखाली आलो. मिस्त्री म्हणजे जहाजाचे सुतार, वय शहात्तर, अंगात एक जुनाट कोट आणि तोंडात दिवसाला मोजून वीसेक शब्द. (त्यातले बारा "नाही" असतात.) बेचाळीस वर्षं या एकाच जहाजाची देखभाल त्यांनी केली आहे. फटींतली जुनी भर आकड्याने उकरून काढायची, तागाची वात मोगरीने ठोकून आत बसवायची आणि वरून डांबर ओतायचं, हे त्यांनी मला शिकवलं. आता, पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात मी दुसरं काय केलं? पहिल्या दिवसाअखेर मिस्त्रींनी माझी फट बोटाने चाचपली आणि "हं" म्हणाले. ताई, पदवी मिळाली तेव्हासुद्धा मी एवढा फुशारलो नव्हतो.

पण त्याच फुशारकीत घोळ झाला. तुला माझी सवय माहीत आहे, दात दिसला की टकटक करून आवाज ऐकायचा. तसा मी जाता येता फळ्यांवर मोगरीचा दांडा आपटत असे. एके दिवशी मागच्या बाजूला, सुकाणूजवळ, पाण्याखाली जाणाऱ्या भागात एक फळी वेगळी बोलली. बाकीच्या टणटणीत, आणि ही ढप्प. वरून रंग गुळगुळीत, कुठे डाग नाही. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी स्वतः दोनदा वाजवून बघितली आणि म्हणाले, "नाही. चांगली आहे." मी म्हटलं, आत पोकळ आहे. ते म्हणाले, ही फळी मी स्वतः बसवली आहे. आता शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. मी मात्र खिशातली जुनी टोचणी काढली (दवाखान्याची आठवण म्हणून ठेवली आहे) आणि कप्तानबाईंसकट सगळ्यांच्या देखत फळीत खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर टोकाला ओला भुसा.

मिस्त्रींनी मोगरी खाली ठेवली, कोटाची बटणं लावली आणि ते घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. तपासणीला नऊ दिवस उरले होते, फळी बदलणं दुसऱ्या कोणाला जमण्यासारखं नव्हतं, आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते जणू तो भुसा मीच आत भरून ठेवला होता. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "चूक दाखवलीत ते ठीक, पण चारचौघांत दाखवलीत. आता एकट्याने जाऊन माफी मागा." (ही तुझी शिकवण की तिची स्वतःची, मला माहीत नाही. तुम्हा दोघींचे विचार मला हल्ली वेगळे ओळखू येत नाहीत.)

मी गेलो. मिस्त्रीणबाईंनी दार उघडलं, माझ्या डांबर लागलेल्या बुटांकडे बघितलं आणि पायपुसणं पुढे सरकवलं. मिस्त्री खिडकीशी बसून पटाशीला धार लावत होते. मी माफी मागायला सुरुवात केली. पाठ करून गेलो होतो. चार वाक्यं झाली तरी ते मान वर करेनात. तेव्हा मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "या बाजूने बोलू नका. उजव्या बाजूने बोला. आणि मोठ्याने."

मग मिस्त्रींनीच सांगितलं. डावा कान गेल्याला चार वर्षं झाली, उजवाही आता जात चाललाय. "फळी वाजवली की नुसता धक्का हाताला लागतो. आवाज येत नाही. अंदाजाने सांगत होतो. देवाची कृपा, म्हणून आजवर कोणी बुडालं नाही." थोडं थांबून म्हणाले, "डॉक्टर, तुमची चूक नाही. मीच खाली ठेवायला हवी होती मोगरी, आधीच."

ताई, त्या माणसासमोर मला खोटं बोलवेना. तुला मी दवाखाना बंद करताना कंटाळा आला असं सांगितलं होतं. कंटाळा आला नव्हता. उजवा हात कापायला लागला होता. थोडासाच, बारीक काम करताना. एकदा एका बाईंच्या हिरडीला सुई लागली, आणि मी घरी येऊन हिलासुद्धा सांगितलं नाही. हे मी पहिल्यांदा मिस्त्रींना सांगितलं, तेही ओरडून, कारण हळू सांगायची सोयच नव्हती. शेजारच्या दोन घरांनाही कळलं असावं. मिस्त्रींनी माझा हात हातात घेतला, उलटा सुलटा केला आणि म्हणाले, "मोगरी धरता तेव्हा कापत नाही हा. मी बघितलंय." मग पटाशी फडक्यात गुंडाळली आणि कोट घातला.

पुढचे आठ दिवस आम्ही जोडीने काम केलं. मी फळी वाजवायची, ऐकायचं आणि बोट वर किंवा खाली करायचं, त्यांनी फळीवर खडूने खूण करायची. सगळं जहाज असं पालथं घातलं. आणखी एक अर्धी फळी कुजलेली निघाली. नवी फळी बसवण्याचा दिवस मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. जाड फळी वाकवायची म्हणजे ती लांबलचक पेटीत तीन तास वाफेवर ठेवतात, मग हातमोजे घालून सात जणांनी ती उचलायची आणि पळत जाऊन जागेवर दाबायची, कारण दोन मिनिटांत ती पुन्हा आडमुठी होते. मी शेपटाला होतो. निम्म्या वाटेत माझा डावा पाय डांबराच्या बादलीत गेला. (थंड होतं, काळजी करू नकोस.) फळी सोडता येईना, बादली सुटेना. तेव्हा मी बादलीसकट पळालो. धड, ठण, धड, ठण. हसू कोणाला आवरेना आणि फळी कोणी सोडेना. मिस्त्री पुढून ओरडत होते, दाबा, दाबा! ती बसली तेव्हा फटीत कागद जाईना. बादली नंतर कापून काढली.

तपासनीस आला. शिडशिडीत, चेहऱ्यावर रेष हलत नाही, खिशात छोटी हातोडी. सुकाणूपाशी थबकला, तीनदा वाजवलं आणि विचारलं, "ही कोणी सांगितली बदलायला? बाहेरून तर कळलं नसतं." मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं, "यांच्या कानांनी." मी म्हटलं, बसवली यांच्या हातांनी. तो म्हणाला, म्हणजे दोघांत मिळून एक सुतार झाला. आणि कागदावर सही केली. कप्तानबाईंनी त्याला मिठी मारली. (त्याच्या चेहऱ्यावरची रेष तेव्हा हलली.)

एवढं सगळं छान झाल्यावर जहाज पाण्यात उतरवलं, मी अभिमानाने खाली जहाजाच्या तळात गेलो आणि पाहतो तर चारही बाजूंनी पाणी आत येतंय! मी भरलेल्या फटींतूनसुद्धा. मी वर धावलो, दोन तरणजाकिटं एकावर एक घातली, बुडालो बुडालो असा पुकारा केला आणि कप्तानबाईंना ढकलत शिडीकडे न्यायला लागलो. त्या जागच्या हलल्या नाहीत. (त्यांना हलवणं सोपंही नाही.) मिस्त्री एका दोराच्या वेटोळ्यावर बसून चहा पीत होते. म्हणाले, "सहा आठवडे कोरडं होतं. तहान लागली असेल. पिऊ द्या त्याला." लाकूड पाणी पिऊन फुगतं, ताई, आणि मग फटी आपोआप आवळल्या जातात. पंप चालू ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी तळ इतका कोरडा झाला की मी तिथे अंग टाकून एक डुलकी काढली.

परवा पहिली फेरी झाली. शिडं चढली, वारा भरला आणि एकशे चौदा वर्षांचं ते लाकूड अंगाखाली जिवंत झालं. मिस्त्री माझ्या शेजारी हात कठड्यावर टेकून उभे होते. तेव्हा मला तुझी फार आठवण झाली. तू रागावली नसतीस तर मी अजून डबे लावत बसलो असतो. आईनंतर मला वेळेवर रागावणारं माणूस तूच आहेस, आणि त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानलेले नाहीत. ते इथे मानतो. समोरासमोर मानले तर तू म्हणशील, पुरे झालं नाटक.

भाऊजींना नमस्कार, घरातल्या सगळ्यांना आठवण.

तुझा,
धाकटा

ता. क. बादलीची हकिकत हिने तुला आधीच सांगितली असेल. तिच्या सांगण्यात दोन बादल्या असतील. एकच होती.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र एका कामासाठी लिहायला घेतलं होतं, ते राहूनच गेलं. तुझी चिमणी (एवढी मोठी कानाची डॉक्टर झाली, पण मी तिला चिमणीच म्हणणार) पुढल्या रविवारी मोकळी असेल तर तिला घेऊन फेरीला ये. मिस्त्री कानाच्या डॉक्टरकडे पाऊल टाकत नाहीत. चिमणी नुसती मामाचं जहाज बघायला आली आहे असं सांगायचं आणि समुद्रात गेल्यावर तिने त्यांचे कान बघायचे. तिथून ते पळून कुठे जाणार? यंत्र बसलं तर निदान उजव्या कानाने ऐकू येईल अशी मला आशा आहे. मिस्त्रींना यातलं काही कळू द्यायचं नाही.

ता. क. तिसरा. मिस्त्री आत्ताच येऊन गेले आणि माझ्या पोटात गुपित राहत नाही, हे तुला ठाऊक आहे. सगळं सांगून बसलो. मला वाटलं, कोट घालून निघून जातील. पण म्हणाले, "येऊ दे पोरीला. पण डॉक्टर, मला ऐकू यायला लागलं तर फळ्या मीच वाजवीन. मग तुमचं इथे काय काम?" ताई, हे मला सुचलंच नव्हतं. दहा मिनिटं झाली, पेन हातात धरून विचार करतोय.

तिला घेऊन ये.