खुंट्या माझ्याच होत्या

रोटोटुना, हॅमिल्टन
१४ ऑगस्ट

ती. अण्णांना कौमुदीचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत. स्वानंदीचा खोकला गेला. तुमचे गुडघे कसे आहेत? उगाच जिना चढू नका.

कामावर एक वाईट गोष्ट घडली. इथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या जुन्या किल्ल्याला ‘पा’ म्हणतात. टेकडीभोवती मातीचा तट आणि खंदक, वर नुसतं गवत. कायद्याने तिथे कुदळसुद्धा मारता येत नाही. आमच्या पाइपलाइनचा चर त्याच्या बाहेरून जायचा होता. चर कुठून खणायचा ते दाखवणाऱ्या खुंट्या मी ठोकल्या. शेवटची खुंटी तटाच्या फार जवळ वाटली, पण नकाशा बरोबरच असणार म्हणून मी पुन्हा मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी डिगरने दहा मीटर तट कापला.

चूक डिगर चालवणाऱ्या सिओनेची धरून साहेबांनी त्याला घरी बसवलं. मीटिंगमध्ये मी गप्प राहिले. तीन दिवस गप्प राहिले. का, ते मला अजून कळत नाही.

काल तो ‘पा’ बांधणाऱ्यांच्या वंशातले एक आजोबा आले. त्यांनी विचारलं, “खुंट्या कोणाच्या?”

“माझ्या.”

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मी आजोबांना म्हटलं, “आम्ही माती पुन्हा भरून देऊ.”

ते शांतपणे म्हणाले, “भर. पण मग तेवढा तट तुझा असेल, आमचा नाही.”

सिओनेला परत बोलावलंय. आज भेटल्यावर तो मला थँक्स म्हणाला.

आईला हे वाचून दाखवू नका.

तुमची,
कौमुदी