पंचशीलाच्या बस्त्यातला सूट

उमरी, जि. नांदेड
११ मार्च १९८४

प्रिय श्रीमंत,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तू 'जि. लातूर' इतकं ठसठशीत लिहितोस, की आमच्या पोस्टमनने मलाच विचारलं, "लातूर कवा झालं म्हनं जिल्हा?" त्याला अजून उस्मानाबादच पाठ आहे. मी म्हटलं, दीड वर्ष झालं बाबा, तिथल्या कलेक्टर कचेरीत आमचा माणूस कारकून आहे. आमचा माणूस म्हणून गेलो आणि मग पत्र न उघडताच खिशात घातलं. पंचशीलाशी तुझं लग्न झालं असतं तर जावई म्हणून मला तुला अहोजाहो करावं लागलं असतं. तो दिवस आला नाही, म्हणून तू म्हणतो. राग मानू नकोस.

तू पत्रात चारच ओळी लिहिल्यास. आई म्हणते त्याप्रमाणे सिंधूशी लग्नाला मी तयार आहे, मामा, तुमचा शब्द पुरे, आणि मी जरा उतरलोय तर सूट पुन्हा बेतावा लागेल का. शेवटची ओळ वाचून मला हसू आलं आणि नंतर भाकर गेली नाही. तुझ्या मामीने, कोंडाबाईने, ताट उचललं, विचारलं काही नाही. आमच्या घरात हल्ली कुणी कुणाला काही विचारत नाही.

पंचशीला जाऊन दहा महिने झाले. माघात तुझी आई धुरपताबाई दोन वडीलधाऱ्यांना घेऊन रेणापूरहून आली, तेव्हा मी ओसरीवर घोंगडी टाकली. बाई रडली, मीही रडलो. मग त्यातला एक जण म्हणाला, "सोयरीक मोडू देऊ नगा. थोरली गेली, धाकटी हाय. बस्ता झालाय, कपडे पेटीत पडून हायेत. खर्चाचं काय न्हाई." मी मान हलवली. सिंधू आत होती, डी.एड.च्या पहिल्या वर्षाचं पुस्तक घेऊन. तिला न विचारता मी मान हलवली, हे तुला सांगायला लाज वाटते. पण पेटीतला तो सूट माझ्या डोळ्यांपुढे होता, तेही खरं आहे.

तुला वाटत असेल, हा शाळेतला शिपाई सुटाच्या मागे का लागला होता. तुमच्याकडच्या लग्न लावणाऱ्या उपासकांनी सांगितलं होतं, आपल्या पद्धतीने पांढरा सदरा-पायजमा पुरे, दिखावा नको. तूही तेच म्हणालास. मीच हट्टाला पेटलो, विधीला पांढरं आणि वरातीला सूट. त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. धर्मांतराच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं, मुरुडजवळच्या आमच्या गावात. चुलत्याने मुंबईच्या गिरणीतल्या एका सोयऱ्याचा काळा कोट मागून आणला होता. वेशीपाशी चार जण उभे होते. त्यांनी नुसतं कोटाकडे बघितलं. चुलता पटकन म्हणाला, "लई उकाडा हाय, पोराला सोसंना, काढतो की." आणि त्याने माझ्या अंगातून कोट ओढून काढला, घडी करून काखेत धरला. मला उकडत नव्हतं. कोंडाबाई तेव्हा चौदा वर्षांची, तिने ते मुंडावळ्यांतून पाहिलं. इतक्या वर्षांत तिने तो विषय काढलेला नाही. म्हणून मी ठरवलं होतं, माझा जावई सूट घालून गावभर फिरेल, भर उन्हात.

आता हौस मोठी आणि खिसा शिपायाचा. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही चौघं रस्त्याच्या कामावर होतो, मी खडी फोडायला, कोंडाबाई टोपलं उचलायला. पोरींना तिथे खायला सरकारी सुकडी मिळायची. त्या दिवसांनी माझा हात असा काही आखडला, की नोकरी लागल्यावरही तो सुटला नाही. सुटाला मी साडेतीनशे धरले होते, शिलाईसकट. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी दुकानात एकत्र बसून लग्नाचं सगळं कापड घ्यायचं. तिथे नवरदेवाने थानावर बोट ठेवलं की मुलीच्या बापाला नाही म्हणता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी मी एकटाच नांदेडला जाऊन दुकानदार बसलिंगप्पांना भेटलो. म्हटलं, आमचा आकडा एवढा आहे, वरचं कापड मागितलं तर तुम्हीच काहीतरी सांगा. ते भले माणूस, म्हणाले, "तुमी चहा प्या, निर्धास्त बसा. माझ्याकडं लागलं ते."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला आठवत असेल. पांढऱ्या गादीवर तू माझ्या समोर बसला होतास. करड्या रंगाची टेरीकॉटची थानं पुढ्यात पडत होती आणि तुझी नजर मागच्या फळीवरच्या गडद निळ्या टेरीवूलवर गेली. तू हात पुढे केलास. बसलिंगप्पा म्हणाले, "ते दुसऱ्या गिऱ्हाईकाचं बाजूला काढून ठेवलंय, पावणं." तू लगेच हात मागे घेतलास, करडं कापड उचललंस आणि म्हणालास, "ह्येच बरं दिसतंय." मी सुटलो म्हणून खुशाल पान खाल्लं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये पंचशीला खिडकीकडे तोंड करून बसली. एरवी तिची टकळी बंद व्हायची नाही. उमरीला उतरल्यावर म्हणाली, "आबा, त्येंनी हात मागं घेतला, ते बघितलं का तुमी?" मी म्हटलं, कापड दुसऱ्याचं होतं. ती म्हणाली, "दुसऱ्याचं न्हवतं. बसलिंगप्पांनी तुमच्याकडं बघून सांगितलं." मग घरी येऊन तिने स्वतःचा बस्ता उलगडला. तीन साड्या होत्या: विधीची पांढरी, वरातीची जांभळी, आणि एक सासरी नेसायला. पांढरी ठेवली, बाकीच्या दोन माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "ह्या परत करा आन् निळं घेऊन या. त्येंना सांगा, त्या गिऱ्हाईकानं सोडलं. माझं नाव काढू नगा."

मी खूप वाद घातला. म्हटलं, वरातीत काय नेसशील? ती म्हणाली, पांढरीच. ती सुटाकडे बघणाऱ्यांकडे बघणार होती म्हणे, साडीकडे कोण बघतंय. मी गेलो, बदलून आणलं. ट्रायलला तू लातूरहून आलास तेव्हा निळं कापड बघून तुझा चेहरा फुलला आणि तू विचारलंस, तेव्हा तिने सांगितलेलं खोटं मी तुला सांगितलं. आज दहा महिन्यांनी खरं सांगतो. तुझा सूट माझ्या पैशातला नाही, तिच्या दोन साड्यांचा आहे.

त्या दिवशी ती पण नांदेडला आली होती. शिंप्याच्या दुकानाबाहेर बाकड्यावर कोंडाबाईजवळ बसली होती. तू आत एका बाहीच्या कोटात उभा होतास, पाठीवर खडूच्या रेघा, कच्ची शिलाई लोंबणारी, आणि हात हलवायचा नाही म्हणून ताठ झाला होतास. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. घरी येताना अंग तापलं होतं. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. बस्त्यापासून मोजून एकोणिसाव्या दिवशी ती गेली. तू आलास, मातीला थांबलास, दोन दिवस माझ्याजवळ बसून राहिलास. महिनाभराने शिंप्याचा निरोप आला, तेव्हा शिलाई देऊन मी सूट घरी आणला आणि तिच्या पांढऱ्या साडीवर ठेवून पेटी लावली.

आता मुद्द्याचं. हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. दोनदा असं लिहिलं, की श्रीमंत, तूच नाही म्हण, तुझ्या मनात दुसरं कुणी आहे असं आईला सांग, म्हणजे माझा शब्द मोडणार नाही. दोन्ही कागद फाडले. पोरीचा बाप मी आहे, नाही म्हणणं माझं काम आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सिंधूला पहिल्यांदा विचारलं, तुला हे लग्न करायचंय का. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "करते की, आबा. बस्ता तर झालेलाच हाय. पुन्यांदा खर्च कशाला?" एकोणीस वर्षांची पोर, नवरा कसा आहे हे नाही विचारलं, शिक्षणाचं काय हे नाही विचारलं, आधी माझा खर्च वाचवला. थोरलीने असंच वाचवलं होतं, पण ते तिच्या आनंदाने, तुझ्यासाठी. ही माझ्या खिशाच्या भीतीने वाचवते आहे. श्रीमंत, मी तुला सिंधू देत नाही. ती हो म्हणाली, म्हणूनच देत नाही. तुझ्यात काही उणं नाही, तुझ्यासारखा जावई मला आता मिळायचा नाही, हे मला कळतं. येत्या रविवारी मी स्वतः रेणापूरला येतो, धुरपताबाईंना आणि त्या दोघांना तोंडावर सांगतो. काय बोलतील ते ऐकून घेईन. तू मधे पडून माझ्यासाठी काही सावरू नकोस. सूट बरोबर आणतो. बेतून घे, घाल, नाहीतर तसाच ठेव, तो तुझा आहे. फक्त तो पडून आहे म्हणून लग्न करू नकोस, बाळा.

तुझाच,
ग्यानोबा
(मामा म्हणत राहिलास तर बरं वाटेल.)